मदत हवी आहे : राजा शिल्पेरिकची वंशावळ कशी मांडू?

सहाव्या शतकातल्या फ्रँक लोकांच्या (आजच्या फ्रान्सकडचे) राजा शिल्पेरिकची वंशावळ काढतेय आणि कागद पार बरबटलाय. त्याची दुसरी बायको गाल्सविंथा आणि भाऊ सिगिबर्टची बायको ब्रुनहिल्डा सख्ख्या बहिणी, म्हणजे जावाही. गाल्सविंथाचा गळा आवळला गेला, लगेच शिल्पेरिकची तिसरी बायको म्हणून फ्रेडेगुंड राणी झाली. पुढे 575 मध्ये सिगिबर्टचाही खून. इथवर ठीक. पण 576 मध्ये शिल्पेरिकच्या पहिल्या बायकोच्या मुलाने, मेरोवेखने, विधवा ब्रुनहिल्डाशी, म्हणजे चक्क काकूशी लग्न केलं! ती रेघ कुठून ओढू? तिचं नाव दोनदा लिहू की तुटक रेषेने जोडू? शिवाय नाव शिल्पेरिक लिहावं की किल्पेरिक? 584 मध्ये त्याचा खून झाला तेव्हा वारस, म्हणजे मुलगा क्लोथार, जेमतेम काही महिन्यांचा होता. तो सोपा, खाली एकटाच बसतो. कुणी अशी गुंतागुंतीची वंशावळ काढली असेल तर फोटो टाका ना, प्लीज.