युद्धविरोधी सिनेमा आणि हुकूमशहाची हेलिकॉप्टरं

पंचगंगाकाठ
काल आमच्या सिनेमाच्या ग्रुपवर एकानं व्हिएतनाम युद्धावरच्या 'अपोकॅलिप्स नाऊ' ह्या सिनेमाच्या शूटिंगचे किस्से टाकले, वर लिहिलं, "ध्यास कशाला म्हणतात बघा." १९७६ च्या मे महिन्यात फिलिपिन्समध्ये वादळानं सेट उडवले, हिरो मार्टिन शीनला छत्तिसाव्या वर्षी हार्ट अटॅक आला, दिग्दर्शक कोपोलानं स्वतःची मालमत्ता पणाला लावली, आणि शेवटी खरा रेडा कापला. खाली सगळ्यांचे हात जोडलेले. मला हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. त्या यादीत हेलिकॉप्टरचा मुद्दा का नव्हता? पेंटागॉननं, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं, मदत नाकारली म्हणून ती फिलिपिन्सच्या मार्कोसच्या लष्कराकडनं भाड्यानं घेतलेली, आणि ऐन शॉटच्या वेळी ती उठून बंडखोरांशी लढायला जायची. म्हणजे सकाळी युद्ध वाईट असतं असं दाखवायला उडालेलं यंत्र दुपारी खऱ्या युद्धात. मार्शल लॉ लावून बसलेल्या हुकूमशहाला पैसे देऊन युद्धविरोधी सिनेमा काढायचा आणि आपण त्याला त्याग म्हणायचं, हे मला पटत नाही.

रंकाळा_कट्टा
भावा तू सिनेमा बघितलास का नुसती यादी वाचलीस? त्यानं ती भाड्यानं घेतली नसती तर मार्कोसनं लढाई थांबवली असती का? ती हेलिकॉप्टरं असल्यामुळंच त्या गावावरचा हल्ला बघताना अंगावर काटा येतो, वरनं मोठ्यानं वाग्नरचं संगीत आणि खाली शाळेतनं पळणारी पोरं. आणि कोपोलानं काय लपवलं? १९७९ ला कानच्या फिल्म फेस्टिव्हलमध्ये तोच म्हणाला की आमच्याकडं पैसा जास्त होता, सामान जास्त होतं आणि हळूहळू आम्ही वेडे झालो. त्याच्या बायकोनं तिथं शूट केलेलं सगळं १९९१ च्या डॉक्युमेंटरीत आलंय. इतका उघडा माणूस दुसरा दाखव.

पंचगंगाकाठ
उघडेपणा मान्य. पण त्यानं वेडे झालो म्हणून सांगितलं आणि आपण त्या वेडाचीच आरती करतोय, माझं भांडण त्याच्याशी आहे.

कसबा_बावडा
हेलिकॉप्टर राहू दे, मला त्या रेड्याचं बोलायचंय. कॅमेऱ्यासमोर जिता जीव तोडायचा आणि त्याला कला म्हणायचं? आपल्याकडं आता सिनेमात जनावर वापरायचं तर परवानगी काढावी लागते, आणि ते बरोबरच आहे.

रंकाळा_कट्टा
तो रेडा नुसता सिनेमासाठी कापला नव्हता ओ. एक्स्ट्रा म्हणून आणलेली तिथली इफुगाव आदिवासी लोकं होती, त्यांचा स्वतःचा विधी होता, कोपोलानं तो बघितला आणि शूट केला. मांस त्यांनीच खाल्लं. आपल्या गावाकडं म्हाईच्या जत्रेला बकरी पडत नाहीत काय?

कसबा_बावडा
म्हाईचा आणि ह्याचा काय संबंध? आमच्यात म्हाईला पाव्हणंरावळं येतात, दिवसभर चूल पेटलेली असते, त्या बकऱ्यावर कोण तिकीट लावत नाही.

उद्यमनगर_७६
तिकीट नाही पण रस्सा ओरपताना कोण रडतंय? रविवारी मटणाच्या दुकानापुढं रांग लावायची आणि इथं येऊन फिलिपिन्सच्या रेड्यासाठी गळा काढायचा, हे मला झेपत नाही.

कसबा_बावडा
खाण्यासाठी मारणं आणि दाखवण्यासाठी मारणं ह्यात फरक कळत नसेल तर बोलणंच खुंटलं. सोव्हिएत रशियाचा 'कम अँड सी' बघा, दुसऱ्या महायुद्धावरचा, १९८५ चा. शेतातल्या सीनमध्ये खऱ्या ट्रेसर गोळ्या, जाताना पेटलेल्या दिसणाऱ्या, झाडल्यात, गाय खरोखर मेली. तिथं कुठला विधी नव्हता. तिचा डोळा कसा फिरतो ते मी एकदा बघितलं, परत तो सिनेमा लावला नाही.

रंकाळा_कट्टा
आणि तरी युद्धाचा तिटकारा यावा तर त्याच सिनेमानं. बेलारूसमधली ६२८ गावं नाझींनी माणसांसकट जाळली होती, दिग्दर्शक क्लिमोव्ह आठ वर्षं सरकारी खात्याशी भांडला तेव्हा कुठं शूटिंग झालं. एका गायीपायी तो सिनेमा नको होता म्हणता?

कसबा_बावडा
गाय नसती तरी सिनेमा झालाच असता. उद्यमनगरवाले, तुम्ही मला रांगेत बघितलंय काय? मी बारा वर्षांपूर्वी मटण सोडलंय. माहीत नसताना माणसाचं ताट काढू नका.

शाहूपुरीकर
सगळी रेड्यावर आणि गायीवर भांडालाय, त्याच शेतात चौदा वर्षांचं पोरगं होतं. अलेक्सेई क्रावचेन्को. गोळ्या त्याच्या डोक्यावरनं जात होत्या, खऱ्या. 'अपोकॅलिप्स'मधला लॉरेन्स फिशबर्नही शूटिंग सुरू झालं तेव्हा चौदाचाच. माणसाचं बोला की जरा.

मी मसाई पठारावर एका लढाईच्या शूटिंगला मावळा म्हणून उभा होतो. नाव घेत नाही. धुरासाठी टायर जाळलेले, डोळं चुरचुरायचं, आणि जमिनीत बार पुरलेले. कुठं पुरलेत ते आम्हाला कोण नीट सांगेना, नुसतं "झेंड्याच्या डावीकडनं पळा". माझ्या शेजारच्या पोराचा कोपरापासनं मनगटापर्यंत हात भाजला, कातडी बाहीला चिकटलेली. कोऑर्डिनेटर म्हणाला हळद लाव आणि उद्या सहाला ये. पोरगं दुसऱ्या दिवशी आलं, कारण नाही आलं तर आदल्या दिवसाचे पैसेपण मिळाले नसते. हे जिथं घडतंय तिथं ध्यास ध्यास म्हणून टाळ्या वाजवू नका.

फौजी_शिरोळ
मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर झालोय. आमच्या भागात घराघरात फौजी, सैनिक टाकळी तर नावातच आलं. मला एकच सांगायचंय, हे सिनेमे पोरांना युद्धापासनं लांब नेत नाहीत. बराकीत असला हल्ल्याचा सीन लागला की पोरं शिट्ट्या मारायची, मीपण मारलेल्या. अमेरिकेच्या मरीन दलातल्या स्वॉफर्डनं तेच लिहिलंय, १९९० ला आखाती युद्धाच्या तोंडावर बातमी आली तेव्हा त्यांनी व्हिएतनामचे सिनेमे आणून जल्लोष केला. जितकं खरं हेलिकॉप्टर, तितकी शिट्टी मोठी.

रंकाळा_कट्टा
साहेब तुमच्यापुढं काय बोलणार. पण मग साधा, स्वस्तातला सिनेमा काढला तर कोण बघणार?

पंचगंगाकाठ
पहिल्या महायुद्धावरचा, १९३० चा 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' बघितला का कोणी? लढाया त्यातही मोठ्या आहेत, पण लोकांच्या लक्षात शेवट राहिलाय. खंदकातनं एक हात फुलपाखराकडं जातो, गोळी सुटते, हात ढिला पडतो. नट निघून गेले होते म्हणून दिग्दर्शक माइलस्टोननं स्वतःचाच हात वापरला. त्याच सिनेमाला घाबरून त्या डिसेंबरात बर्लिनच्या थेटरात नाझी पुढारी गोबेल्सच्या माणसांनी उंदीर सोडले, घाणेरड्या वासाचे बाँब फोडले, आणि थोड्याच दिवसांत जर्मनीत बंदी आली. हिरो ल्यू एअर्सनं पुढं दुसऱ्या महायुद्धात बंदूक धरायला नकार दिला, तेव्हा थेटरवाल्यांनी त्याचे सिनेमे उतरवले. तरी तो आघाडीवर जखमींची सेवा करायला गेला. यादीच करायची तर ह्या गोष्टींची करा.

रंकाळा_कट्टा
एअर्सचं माहीत नव्हतं, ते भारी आहे. तरीपण 'अपोकॅलिप्स' मोठा सिनेमा आहे ह्यावरनं मी हटणार नाही. फौजी साहेबांच्या शिट्टीला माझ्याकडं उत्तर नाही, तेवढं कबूल.

शाहूपुरीकर
मोठा असू दे की. ग्रुपवर ती यादी टाकणारा तूच आहेस, सगळ्यांना कळलंय. आता त्यात मार्कोसची हेलिकॉप्टरं आणि ती चौदा वर्षांची पोरं घालून परत टाकणार का नाही, तेवढं सांग.