शब्दचर्चा : बाळाच्या वजनाचं ‘भाकीत’ की ‘जोखीम’?

मृद्गंध : गरोदरपणातल्या नोंदींवरून बाळ कमी वजनाचं होईल का, हे मशीन लर्निंगने (जुन्या नोंदींवरून शिकणाऱ्या संगणकी मॉडेलने) ओळखण्यावरचा लेख मराठीत करते आहे. ‘प्रेडिक्शन’ला भाकीत चालेल? ‘अ‍ॅक्युरसी’ आणि ‘प्रिसिजन’ दोन्हींना कोशात ‘अचूकता’च आहे. आणि ‘लो बर्थ वेट’ला ‘अपुऱ्या दिवसांचं बाळ’ म्हणू ना?

कोकणकडा : नको. जन्मतः वजन २५०० ग्रॅमपेक्षा कमी, एवढीच ती व्याख्या. दिवस कितीही भरलेले असोत. अपुऱ्या दिवसांचं म्हणजे ३७ आठवड्यांआधी जन्मलेलं. दिवस भरूनही पोटात वाढ खुंटलेली बाळं २२०० ग्रॅमची होतात, आणि ३६ व्या आठवड्यात २७०० ग्रॅमचंही जन्मतं. ‘कमी वजनाचं बाळ’ असंच लिहा, आशाताईही तेच म्हणतात.

व्याख्येत ‘पेक्षा’ गाळू नका. नेमकं २५०० ग्रॅम म्हणजे कमी नव्हे. पण प्रत्यक्षात २४६० चे ‘अडीच किलो’ लिहिले जातात आणि मॉडेलला शिकवायचं उत्तरच बदलतं. सर्वेक्षणांच्या आलेखात अडीच किलोवर उंच सुळका दिसतो तो त्यामुळेच.

हिशेबी : भाकीत ज्योतिषाकडे राहू दे. मॉडेल ०.३८ (म्हणजे शंभरात ३८) असा आकडा देतं; त्याला ‘जोखीम’ शोभतं.

अचूकतेचं मात्र उदाहरणच घ्या. हजार गर्भवती, त्यांतल्या १८० जणींची बाळं कमी वजनाची (एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचं प्रमाण साधारण १८ टक्केच आहे). सगळ्यांना ‘ठीक’ म्हणणारं ठोकळा मॉडेल ८२ टक्के बरोबर! दुसरं मॉडेल ३०० जणींवर ‘बाळ कमी वजनाचं होईल’ अशी खूण करतं, त्यांत १२६ खऱ्या निघतात. ते एकूण ७७.२ टक्केच बरोबर, तरी कामाचं तेच. १८० पैकी १२६ सापडल्या, म्हणजे ७० टक्के : हा रिकॉल. खुणेच्या ३०० पैकी १२६ खऱ्या, म्हणजे ४२ टक्के : हे प्रिसिजन. एकाच ‘अचूकते’त तिन्ही कोंबले तर वाचकाला ठोकळाच आवडेल. मी ‘एकूण बरोबर’, ‘पकड’ आणि ‘खुणेचा खरेपणा’ लिहीन.

कोकणकडा : ‘पकड’ छान, पण डॉक्टर वाचणार असतील तर पहिल्यांदा शेजारी ‘सेन्सिटिव्हिटी’ लिहा, रिकॉलला ते तेच म्हणतात.

मृद्गंध : आणि ‘डेटा लीकेज’? ‘माहितीची गळती’?

हिशेबी : गळती म्हटलं की काहीतरी कमी झालं असं वाटतं. इथे उलट, नको ती माहिती आत शिरते. ‘पेपरफुटी’ म्हणा. २० व्या आठवड्यात जोखीम सांगायची असेल तर तोवर गर्भवतीच्या तपासणी कार्डावर असलेलंच मॉडेलला द्यायचं : उंची, पहिल्या भेटीचं वजन, हिमोग्लोबिन, रक्तदाब, आधीच्या बाळंतपणांतली वजनं. ‘प्रसूतीवेळचे आठवडे’ हा रकाना राहिला की मॉडेल फार हुशार दिसतं. तो आकडा २० व्या आठवड्यात कुणाकडे असतो?

दुसरी फूट ‘स्मोट’ या पद्धतीत. तिच्यात कमी वजनाच्या मोजक्या नोंदींवरून कृत्रिम नोंदी करून संख्या वाढवतात. हे शिकवणीचा आणि परीक्षेचा भाग वेगळा करण्याआधी केलं, तर परीक्षेतल्या नोंदींची जुळी भावंडं शिकवणीत जाऊन बसतात. नंतर केलं तरी जोखमीचे आकडे फुगतात, ०.३८ खरोखर शंभरात ३८ आहे का, ते पुन्हा ताडून पाहावं लागतं.

कोकणकडा : त्या ताडण्याला, ‘कॅलिब्रेशन’ला, ‘अंशांकन’ नको. ‘ताळा’ लिहा.