अमेरिकेतली कॉलेज हॉकी: तुमची टीम, तुमची खुन्नस (अनुभव धागा)

अमेरिकेत शिकायला आलेल्या आपल्या मंडळींकडून कॉलेज फुटबॉल आणि बास्केटबॉलबद्दल भरपूर ऐकायला मिळतं. आइस हॉकीबद्दल मात्र फारसं कोणी लिहीत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. बाकीच्या खेळांत बड्या विद्यापीठांचीच चलती असते. हॉकीत बर्फात गाडल्या गेलेल्या आडगावातलं कॉलेजही मिशिगन, मिनेसोटासारख्या धेंडांबरोबर पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळतं आणि कधीकधी त्यांना पाणी पाजतं. २०२५ मध्ये कॅलमझूच्या वेस्टर्न मिशिगनने अंतिम सामन्यात बोस्टन युनिव्हर्सिटीला ६–२ असं हरवून आपलं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेव्हा आमच्या घरात कोणाचाच त्या कॉलेजशी संबंध नसताना आम्ही सगळे नाचलो होतो.

मी न्यू यॉर्क राज्यातल्या ट्रॉयच्या आरपीआयची (रेन्सलर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट). १९५४ आणि १९८५ ची आमची विजेतेपदं जुने लोक अजून काल घडल्यासारखी सांगतात. १९७८ पासून दर हिवाळ्यात घरच्या एका सामन्याला 'बिग रेड फ्रीकआउट' असतो, त्या दिवशी आख्खं फील्ड हाउस, म्हणजे आमची रिंक, लाल होतं.

माझं ठाम मत आहे की टीव्हीसमोर बसून हा खेळ अंगात भिनत नाही. तिथे पक (खेळायची रबरी चकती) धड दिसतच नाही. स्टँडात उभं राहावं, शेजारच्यांच्या आरोळ्या पाठ कराव्यात, कोणावर राग धरायचा ते त्यांच्याकडून शिकावं, मग ऑफसाइड आणि आयसिंगचे नियम आपोआप कळायला लागतात. तर लिहा: टीम कोणती, खुन्नस कोणाशी, आणि तुमच्या स्टँडात कोणत्या रीती आहेत?

हॉटन, मिशिगन

मेकॅनिकल करून मिशिगन टेकला एमएससाठी येणारी पुण्याकडची मुलं दरवर्षी असतातच. मीही त्यातलाच. इथे हिवाळ्यात सरासरी २०० इंचांहून जास्त बर्फ पडतो. नोव्हेंबरात दिवस मावळला की करायचं काय, याला गावात एकच उत्तर आहे: शुक्रवारी आणि शनिवारी मॅकिन्स अरीनात जायचं.

खेळाआधी मी बँडच्या प्रेमात पडलो. आमच्या पेप बँडची पोरं काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे ओव्हरऑल घालून येतात आणि खेळ थांबला रे थांबला की वाजवायला लागतात. मी कॉलेजात ढोल पथकात होतो. गर्दीला अंगावर घेऊन वाजवायचं म्हणजे काय ते मला माहीत आहे, आणि ही पोरं तसंच वाजवतात. दुसऱ्या मध्यंतरात ते एक जुनं वॉल्ट्झ वाजवतात. तेव्हा सगळे उठतात, शेजाऱ्याच्या हातात हात अडकवतात आणि डावीकडे-उजवीकडे झुलतात. माझ्या एका बाजूला टेकचीच जुनी विद्यार्थिनी असलेल्या आजी होत्या, दुसऱ्या बाजूला खाणीतल्या मजुरांच्या घराण्यातला एक दाढीवाला. दोघांनी न विचारता माझे हात धरले. परदेशात येऊन तोवर मला इतक्या सहजपणे कोणीच आपल्यात घेतलं नव्हतं.

आमची खुन्नस मार्केट (Marquette) या गावातल्या नॉर्दर्न मिशिगनशी. दोन्ही गावं मिशिगनच्या उत्तरेकडच्या अपर पेनिन्सुलातली, बर्फ दोघांच्याही वाट्याला सारखाच. आम्ही १९६२, १९६५ आणि १९७५ चे विजेते, तीनही वेळा प्रशिक्षक जॉन मॅकिन्स, रिंकला नावही त्यांचंच. ते १९९१ चे विजेते, तेही बोस्टन युनिव्हर्सिटीविरुद्ध तीन जादा डाव खेळून ८–७ असे. त्या सामन्याचं नाव काढलं की इथले लोकही मान डोलावतात. पण नॉर्दर्नची बस गावात आली की ती मान सरळ होते.

आणि ब्रूमबॉल खेळायला विसरू नका! स्केट्स नाहीत, साधे बूट, हातात चिकटपट्टी गुंडाळून टणक केलेला झाडू आणि एक चेंडू. स्केटिंग येत नसलेल्या भारतीय पोरांसाठी बर्फावर उतरायचा हाच रस्ता. फेब्रुवारीच्या विंटर कार्निवलमध्ये रात्रभर जागून बर्फाचे पुतळे पुरे करायचे आणि त्याच दिवसांत सामन्यालाही हजर राहायचं, हे ज्याने केलं तो टेकचा.

बोस्टन (आता निवृत्त)

फेब्रुवारीचे पहिले दोन सोमवार म्हणजे बीनपॉट. हार्वर्ड, बोस्टन कॉलेज (बीसी), बोस्टन युनिव्हर्सिटी (बीयू) आणि नॉर्थईस्टर्न या चारच कॉलेजांची ही स्पर्धा १९५२ च्या डिसेंबरात सुरू झाली. चौघंही शहरातली किंवा शहराला चिकटून असलेली. त्यामुळे हरलेला दुसऱ्या दिवशी जिंकलेल्याच्याच ऑफिसात असतो.

६ फेब्रुवारी १९७८ ला आमचे हे लॅबमधल्या दोघा मित्रांबरोबर जुन्या बोस्टन गार्डन स्टेडियमला बीनपॉट बघायला गेले. मी घरी, पोर लहान. दुपारपासून बर्फ पडत होता तो थांबेचना. त्या वादळात शहरात २७ इंच बर्फ पडला. सामने चालू असताना लोकांना घरी निघायला सांगत होते, काही निघाले, बरेच थांबले. संपल्यावर बघतात तर गाड्या नाहीत, रस्ते नाहीत. शेकडो लोक तिथेच अडकले आणि दिवसचे दिवस बाकांवर झोपून हॉट डॉगवर राहिले. हे शाकाहारी. त्यांनी नुसता पाव आणि मोहरीची चटणी खाऊन काढलं. फोन लागला तेव्हा आधी मला विचारलं, दूध आहे ना घरात? आणि लगेच सांगितलं, बीयूने बीसीला १२ गोल मारले!

अंतिम सामना १ मार्चवर ढकलला, आणि तोही बीयूने जिंकला. आम्ही तेव्हापासून बीयूचे. दोन वर्षांनी लेक प्लॅसिडच्या ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला हरवणाऱ्या अमेरिकी संघात बीयूचे चौघे होते, कप्तान माइक इरुझिओनी आणि गोलरक्षक जिम क्रेग दोघंही आमचेच. आमच्या घरात या दोन नावांचा मान अजून आहे.

बोस्टन, नॉर्थईस्टर्न

काकू, तुमच्या बीयूनेच आम्हाला कितीदा रडवलंय! १९८८ नंतर तब्बल ३० वर्षं आम्हाला बीनपॉट मिळाला नव्हता. २०१८ ला मी दुसऱ्या सेमिस्टरला, वरती बाल्कनीत. समोर बीयू. अॅडम गॉडेटने तीन गोल मारले आणि आम्ही ५–२ जिंकलो. माझ्या पुढच्या रांगेत साठीचा एक माणूस मुलाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होता. तो १९८८ ला विद्यार्थी होता म्हणे. त्यानंतर २०१९, २०२०, २०२३, २०२४ लाही आम्हीच.

आमचं मॅथ्यूज अरीना १९१० चं. व्यावसायिक लीगमधला बोस्टन ब्रुइन्स संघ पहिल्यांदा घरचे सामने खेळला तो तिथेच. लाकडी छताखाली आमचं 'डॉगहाउस' म्हणजे विद्यार्थ्यांचं स्टँड रिंकच्या डोक्यावर लोंबकळल्यासारखं, गोलरक्षकाला आमचा प्रत्येक शब्द ऐकू जायचा. २०२५ च्या शेवटी ते कायमचं बंद झालं. नवं बांधतील, चकाचक असेल. पण स्टँड बर्फापासून लांब नेलं तर काय उपयोग, ही भीती मला आहे.

इथाका, न्यू यॉर्क

कॉर्नेल आणि हार्वर्ड. मासे. कोणीतरी लिहिणारच होतं, तर मीच लिहिते.

१९७३ मध्ये हार्वर्डच्या कोणीतरी आमच्या गोलरक्षकाकडे मेलेली कोंबडी फेकली. कॉर्नेलमध्ये शेतकीचं कॉलेज आहे ना, त्यावरून डिवचायला. मग बोस्टनच्या समुद्राची आठवण करून द्यायला आमच्या लोकांनी मासे फेकले. तेव्हापासून हार्वर्डचा संघ आमच्या लायना रिंकच्या बर्फावर उतरला की स्टँडातून मासे येतात. दारावर तपासणी असते, तरी जॅकेटच्या अस्तरात, पायमोज्यात लपवून आणतात. लायना लहान आहे, ४ हजारांच्या वर थोडी माणसं बसतात, आणि सगळ्यांना तो वास येतो. मासा बर्फावर आपटला की थांबत नाही, फिरत फिरत पार निळ्या रेषेपर्यंत जातो. मग फावडी घेऊन माणसं येतात.

मी वेंगुर्ल्याची. वाया गेलेला मासा बघून माझ्या पोटात अजूनही कालवतं. मी कधी फेकला नाही, फेकणारही नाही. पण बाकी सगळं जीव ओतून करते. पाहुण्या संघाची नावं पुकारताना आम्ही सगळे वर्तमानपत्र उघडून वाचत बसतो, कोणीही वर बघत नाही. राष्ट्रगीतात लाल रंगाचा शब्द आला की आख्खं रिंक 'रेड' म्हणून ओरडतं. गायीच्या गळ्यातली घंटा वाजवणारा एक जण असतो, त्याच्या ठेक्यावर टाळ्या. शेतकी कॉलेज म्हणून हिणवलंत, तर घ्या घंटा, असं मी मनात म्हणते.

१९७० चा आमचा संघ २९ सामने खेळला आणि एकही हरला नाही. पहिल्या डिव्हिजनच्या पुरुषांमध्ये असं विजेतेपद दुसऱ्या कोणाकडे नाही. केन ड्रायडनही आमचेच. १९६७ चे विजेते गोलरक्षक, पुढे वकील आणि कॅनडाचे मंत्री. २०२५ मध्ये ते गेले तेव्हा कॉर्नेलच्या कितीतरी जुन्या विद्यार्थ्यांनी एकमेकांना फोन केले असतील. मला तरी दोघांचे आले.

अ‍ॅन आर्बर आणि ईस्ट लॅन्सिंग, एकाच घरात

नवरा मिशिगनचा, मी मिशिगन स्टेटची. ऑक्टोबर २००१ ला आमच्या फुटबॉल स्टेडियमवर बर्फ घालून सामना झाला, ७४ हजारांहून जास्त लोक, ३–३ बरोबरी. तो तेव्हा विक्रम होता. ११ डिसेंबर २०१० ला त्यांनी त्यांच्या 'बिग हाउस'मध्ये तेच केलं, गिनेसच्या नोंदीत १,०४,१७३ प्रेक्षक, आणि आम्ही ५–० हरलो. थंडीत तिथे बसले होते. त्या घरी-परतीच्या प्रवासात आम्ही गाणीच ऐकली.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. मिशिगनच्या योस्ट अरीनात पाहुणा खेळाडू पेनल्टी बॉक्समध्ये (शिक्षा म्हणून बसवतात तिथे) गेला की विद्यार्थी एकामागून एक शिव्यांची माळच म्हणतात. विद्यापीठाने विनवण्या करून पाहिल्या. माझी मुलगी आठ वर्षांची असताना मी तिला तिथे नेलं नाही, आणि नवऱ्याला ते पटलं होतं. खुन्नस हवी, जोरात हवी, पण विशीतल्या पोराच्या आईला शेजारच्या खुर्चीत बसून ते ऐकावं लागतं, हे लक्षात ठेवायला हवं.

ग्रँड फोर्क्स, नॉर्थ डकोटा

मी इथे विमान चालवायला शिकायला आलो, यूएनडीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ डकोटा) एव्हिएशनला. आमची रिंक, राल्फ एंगलस्टॅड अरीना, बघून तोंडात बोट घालाल: २००१ चं, १० कोटी डॉलरच्या वर खर्च, चामड्याच्या खुर्च्या, ग्रॅनाइटची जमीन. पैसे देणाऱ्या एंगलस्टॅडनी संघाचं 'फायटिंग सू' हे नाव (सू म्हणजे इथले मूळनिवासी लोक) बदललं तर बांधकाम अर्धवट सोडेन असं बजावलं होतं, आणि मूळनिवासी माणसाच्या चेहऱ्याचं ते चिन्ह इमारतीत हजारो ठिकाणी बसवलं. २०१२ च्या जूनमध्ये राज्यातल्या मतदारांनीच नाव सोडायला कौल दिला. २०१५ मध्ये 'फायटिंग हॉक्स' आलं.

राष्ट्रगीताच्या शेवटच्या शब्दाच्या जागी अजूनही स्टँडातून जुनं नाव ओरडतात. मी ओरडत नाही. माझ्या वर्गात स्टँडिंग रॉक या सू वस्तीतला एक मुलगा होता, तो सामन्याला यायचा आणि त्या क्षणी खाली बघायचा. सू लोकांमध्येही सगळ्यांचं मत एक नव्हतं, स्पिरिट लेक या दुसऱ्या सू वस्तीतल्या लोकांनी नावाच्या बाजूने मतदान केलं होतं. तरी मला तो मुलगा पुरेसा आहे. संघ मला प्राणप्रिय आहे, आठ विजेतेपदं आहेत आमची, आणि मिनेसोटा आली की माझा घसा दोन दिवस बसलेला असतो. नाव बदलल्याने यातलं काहीच कमी झालं नाही.

मिनिआपोलिस

मिनेसोटाकडून उत्तर द्यायलाच हवं! २०१३ ला 'बिग टेन' या बड्या विद्यापीठांच्या गटाची वेगळी हॉकी लीग निघाली आणि आम्ही-नॉर्थ डकोटा एका लीगमध्ये राहिलो नाही. टीव्हीच्या पैशापायी जुनी खुन्नस मोडली, याचा राग माझ्या पिढीच्या मनातून जात नाही.

पण मला लिहायचंय ते मुलींच्या हॉकीबद्दल, कारण वर कोणीच लिहिलं नाही. माझी लेक पाच वर्षांची असल्यापासून खेळते. पहाटे साडेपाचची रिंक, डब्यात पोहे, गाडीत ओल्या पॅड्सचा वास. आमचं रिडर अरीना २००२ चं, कॉलेजच्या मुलींच्या हॉकीसाठीच बांधलेलं देशातलं पहिलं. २०१२-१३ मध्ये आमच्या मुलींनी ४१ पैकी ४१ सामने जिंकले. आणि आमची खरी खुन्नस विस्कॉन्सिनशी. २०२५ पर्यंत त्यांची आठ राष्ट्रीय विजेतेपदं, आमची सहा. दोन्हीकडच्या मुली पुढे ऑलिंपिकमध्ये एकाच अमेरिकी संघातून खेळतात, तरी कॉलेजात समोरासमोर आल्या की फळीवर आदळल्याचा आवाज वरच्या रांगेपर्यंत येतो.

मार्च २०२५. राष्ट्रीय उपांत्य फेरी आमच्याच रिडरमध्ये, आणि विस्कॉन्सिनने आम्हाला आमच्याच घरात हरवलं. अंतिम सामन्याची तिकिटं आधीच काढलेली होती. लेक म्हणाली, जायचं. विस्कॉन्सिन ओहायो स्टेटविरुद्ध ३–२ ने मागे. शेवटची १८.९ सेकंदं उरली असताना पेनल्टी शॉट मिळाला. कर्स्टन सिम्स एकटी मधल्या रेषेवरून निघाली. आख्खं रिंक उभं. माझ्या लेकीने गोफरांचा, म्हणजे आमच्या मिनेसोटाचा, मरून स्वेटर घातला होता, आणि ती दोन्ही हात तोंडावर धरून बघत होती. गोल. मग जादा वेळेतला विजयी गोलही सिम्सचाच. माझ्या लेकीने टाळ्या वाजवल्या, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, पुढच्या वर्षी हिला थांबवायला हवं.

नॉर्थ डकोटाच्या भावाला एकच सांगते: तुमच्या विद्यापीठाने २०१७ मध्ये मुलींचा संघ खर्चाचं कारण देऊन बंदच केला. आमच्या मुलींची सलग ६२ विजयांची मालिका २०१३ मध्ये तोडली होती ती तुमच्याच मुलींनी. तो संघ परत यायला हवा. आम्हाला त्यांच्याशी खेळायचंय.