तापु, नोआ आणि फेनुआ : मराठीत काय म्हणायचं?

रानजाई : न्यूझीलंडमधल्या एका गोष्टीचं भाषांतर करतेय. वेलिंग्टनला नोकरी करणारी माओरी मुलगी आजोबांच्या तांगीला, म्हणजे अंत्यविधीला, गावच्या मराएवर, म्हणजे कुळाच्या सभास्थानी, येते. 'तापु' आणि 'नोआ' पानोपानी आहेत. 'सोवळं-ओवळं' चालेल का?

बोरकूट : नाही चालणार. सोवळं म्हटलं की देवघर डोळ्यांपुढे येतं, पण तांगीत शवही तापु असतं, दफनभूमीही. आपण जिथे सोवळं म्हणू आणि जिथे सुतक म्हणू, त्या दोन्हींवर तापु पसरलेलं आहे. माणसाचं डोकंसुद्धा तापु, उशीवर बसायचं नाही ते म्हणून.
नोआचं तर ओवळ्याशी काहीच नातं नाही. त्यात विटाळ नाही. रोजचं, मोकळं, बेधडक वावरता येईल असं ते नोआ. शिजवलेलं अन्न नोआ, म्हणून दफनानंतर 'हाकारी'ची पंगत बसते आणि त्या जेवणानं माणसं तापुतून सुटतात. मुलगी पंगतीत पहिला घास घेते तिथे 'ओवळं' लिहिलंत तर प्रसंग उलटाच होईल. दोन्ही शब्द तसेच ठेवा, पहिल्या पंगतीपर्यंत वाचक शिकतो.

हेकट : 'टॅबू' नको का? शब्द तोच ना?

बोरकूट : कूळ तेच. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकनं 1777 मध्ये टोंगा बेटांवर ऐकला, तिथून इंग्रजीत गेला. पण मराठीत टॅबू म्हणजे चारचौघांत बोलायचा नाही असा विषय. आजोबांचं शव काही टॅबू नाही, तीन दिवस नातेवाईक त्याच्या उशाशी बसून त्याच्याशी बोलतात.

रानजाई : पटलं. आता आजीचं वाक्य : 'तुझी फेनुआ इथेच आहे.' शब्दकोशात 'जमीन' दिलंय, पण पुढे मुलगी पोटावर हात ठेवते.

बोरकूट : कारण फेनुआ म्हणजे जमीन आणि वारसुद्धा. बाळाची वार कुळाच्या जमिनीत पुरतात.

हेकट : मग 'नाळ इथेच पुरलीय' लिहा की!

बोरकूट : आपल्याकडे ते बऱ्याचदा टोमणा म्हणून येतं, 'तुझी काय इथे नाळ पुरलीय?' आजी चिडलेली नाहीये. 'तुझी वार या मातीत आहे' करा, जमीनही आली. आणि गोष्ट व्हांगानुई नदीकाठची असेल तर तिथला उच्चार 'फ'चा नाही, 'व'च्या जवळचा आहे, तेवढं तपासा.

रानजाई : नदीकाठचीच आहे. म्हणजे सगळे 'फ' परत बघायला हवेत.