अनुभव धागा: सहाव्या हॅरी पॉटरवरनं तुमचं कुणाशी वाजलं होतं?

माळ्यावरची
काल माळा काढला. पितळेचे डबे, जुनी गादी आणि गादीखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत पुस्तकाचा एक तुकडा. ना पुढं पुठ्ठा, ना मागं. पहिलं पान अर्ध्या वाक्यातनंच सुरू होतंय. लेक आठवीत आहे, ती तिथंच उकिडवी बसून चाळायला लागली. पाच मिनिटांनी म्हणाली, "आई, ह्यात सगळे एकमेकांवर नुसते जळायलेत की!"
बरोबर आहे. तो मधला तुकडा आहे.
16 जुलै 2005, शनिवार. हॅरी पॉटर आणि हाफ ब्लड प्रिन्स. मामा पुण्याहून कोल्हापूरला एसटीनं घेऊन आला. आम्ही तिघी बारावीत, पैसे तिघींचे आणि पुस्तक एक. आधी कुणी वाचायचं? शेवटी बाबांच्या ओळखीचे मंगळवार पेठेतले बाइंडर काका होते त्यांच्याकडं गेलो आणि म्हटलं, ह्याचे तीन भाग करून द्या. काकांनी पुस्तक हातात घेतलं, वजन केल्यासारखं वरखाली केलं आणि म्हणाले, "नवं कोरं पुस्तक कापायला आलेली गिऱ्हाईकं आजच बघितली." मग पुठ्ठा उलगडला, पाठीवरची जाळी सोलली आणि फर्म्यांमधला (म्हणजे दुमडून शिवलेल्या पानांच्या जुड्यांमधला) दोरा सुरीच्या टोकानं असा तोडला की आवाजसुद्धा आला नाही. मी म्हटलं, काका, प्रकरण संपतंय तिथं कापा. "फर्मा संपतो तिथं कापणार. तुमचं प्रकरण कुठं संपतंय त्याच्याशी मला काय करायचंय?" पाठीला सरस लावला आणि तिन्ही तुकडे वजनाखाली ठेवले.
चिठ्ठ्या टाकल्या. पहिला तुकडा मिळाला ती सोडून आम्ही दोघींनी पुस्तक मधूनच वाचायला घेतलं. सतराव्या वर्षी अक्कल तेवढीच असते.
मला मधला. म्हणजे हॅरीचा दोस्त रॉन आणि वर्गातली लॅव्हेंडर कोपऱ्याकोपऱ्यात चिकटलेले, त्यांची मैत्रीण हर्मायनी रॉनच्या अंगावर पाखरं सोडतीय, हॅरीसाठी आलेली वशीकरणाची चॉकलेटं रॉनच खातोय. मी वैतागलो. (आम्ही कोल्हापूरच्या पोरी "वैतागलो"च म्हणतो, सुधारू नका.) बाहेर युद्ध पेटलंय आणि ही बाई गॅदरिंगच्या गोष्टी लिहितीय, असं मी क्लासला जाताना मैत्रिणीला सुनावलं. तिच्याकडं शेवटचा तुकडा होता. सामन्यानंतर सगळ्यांदेखत हॅरी आणि रॉनची बहीण जिनी, आणि पुढच्या तीन प्रकरणांत मनोऱ्यावरचं ते मरण. तिचे डोळे सुजलेले. तिला काहीच सांगता येईना, कारण मी पुढचं वाचलेलं नव्हतं. नुसती म्हणाली, "तुला काय कळतंय गं!" मी आणखी हसलो. मग पंधरा दिवस बोलणं बंद.
जुलैच्या शेवटी पंचगंगा वर चढली. तिचं घर शुक्रवार पेठेत. एका संध्याकाळी घरची चौघं आमच्याकडं राजारामपुरीत आली. एक ट्रंक, एक स्टो आणि तिच्या दप्तरात पिशवीत गुंडाळलेला शेवटचा तुकडा. लाईट नव्हती. तिनं न बोलता तो माझ्या उशाशी ठेवला. मी मेणबत्तीवर रात्रभर वाचला. सकाळी तिचा चहा मी केला, साय घालून, तिला आवडतो तसा.
तुमचं कुणाचं असं फाटलं होतं काय ह्या भागावरनं? लिहा.

कट्टा_नं_५
पुस्तक कापलं??? काळीज हललं वाचून.

तालमीतला
आमच्याकडं भांडण नव्हतं, पेठा होत्या. होस्टेलवर अर्धी पोरं हर्मायनी-हॅरीची, अर्धी जिनीची. पाटाकडील आणि शिवाजीची फुटबॉल मॅच असल्यागत. शाहू स्टेडियमवर निदान मधी पोलीस तरी असतात. आमच्या खोलीत एकानं दुसऱ्याची बादली आठ दिवस लपवून ठेवलेली. मी जिनीवाला. अजून.

सुगरण_नाही
जिनीवाल्यांना एक प्रश्न. पुस्तकातली जिनी ठीक आहे. 2009 च्या सिनेमात ती वाकून हॅरीच्या बुटाची नाडी बांधते, ते रोमँटिक कुणाला वाटलं? आमच्या आईनं तेवढाच सीन बघितला आणि म्हणाली, "पोराला एवढा घोडा झाला तरी नाडी येत नाही होय?"

तालमीतला
सिनेमाचं नाव काढू नका. जखम आहे ती.

रिटायर्ड_बाई
मी शिक्षिका होते. शाळेचं नाव नको. नववीच्या वर्गात एका मुलाकडून हे पुस्तक जप्त केलं, कारण तो ते भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचत होता. घरी नेलं, सहज उघडलं. मागचे पाच भाग माहीत नाहीत, कोण कुणाचं कोण कळेना. तरी ती हर्मायनी वर्गात एकटी बसलेली असते आणि डोक्याभोवती पिवळे पक्षी फिरत असतात, तिथं मी थांबले. आम्ही मुलांना "लक्ष कुठंय तुझं?" विचारतो ना, तेव्हा लक्ष असंच कुठंतरी असतं. पुस्तक दोन दिवसांनी परत केलं. त्यानं विचारलं, "बाई, कुठवर आलाय?" वर्ग हसला. मीही.

कट्टा_नं_५
बाई, नमस्कार घ्या 🙏

उसाचं_कांडं
मी अजून तिसऱ्या भागावर आहे, पुढचं सांगू नका हं.

तालमीतला
वीस वर्षं झाली भावा. आता आमची पोरं वाचायला लागली.

नर्सताई
ड्यूटीवर आहे, घाईत लिहिते. सगळे हॅरी, रॉन करताय आणि टाँक्स-ल्यूपिनचं नावच नाही. दवाखान्यातला तो प्रसंग बघा. रॉनचा थोरला भाऊ बिल चेहरा फाटून पडलेला, त्याची होणारी बायको फ्लर म्हणते मी लग्न करणार म्हणजे करणार, आणि त्या भरात टाँक्स सगळ्यांसमोर ल्यूपिनला धरते. तो म्हणतो मी वयानं फार मोठा, गरीब, धोकादायक (पौर्णिमेला लांडगा होतो ना तो). तेरा वर्षांचा फरक आहे दोघांत.
माझ्या स्थळाच्या वेळी घरात हेच. मुलगा अकरा वर्षांनी मोठा, पगार कमी, घर भाड्याचं. धोकादायक तेवढं कुणी म्हणालं नाही, कारण साधा आहे हो फार. मी टाँक्ससारखी ओरडले नाही, दोन दिवस जेवले नाही. आता चौदा वर्षं झाली. आलेच, बेड चारची सलाईन संपली.

सुगरण_नाही
दोन दिवस!! मी तर पांढऱ्या रश्शाच्या वासावर अर्ध्या तासात तह केला असता.

पेन्सिलवाला
आमच्या वाचनालयातल्या प्रतीत हॅरी-जिनीच्या पानावर समासात पेन्सिलनं लिहिलेलं: "अभ्यास करा." खाली वेगळ्या अक्षरात: "तुम्ही पण हेच वाचताय काका." त्याखाली तिसऱ्या अक्षरात: "पुस्तक वेळेत परत करा, माझा नंबर आहे." मी चौथा. मी काही लिहिलं नाही, भित्रा आहे.

माळ्यावरची
😂 करवीर नगर वाचन मंदिर काय?

पेन्सिलवाला
नाही, ते केवढं, 1850 पासूनचं. आमच्या गल्लीतलं छोटं, दोन कपाटांचं. आता तिथं मोबाईल रिचार्ज मिळतो.

हर्मायनी_पक्ष
माझी बाजू ऐका. हर्मायनी हॅरीलाच शोभत होती आणि 2014 मध्ये लेखिका स्वतः बोलली की रॉन-हर्मायनी ही जोडी आपण आपल्या हौसेपोटी जुळवली. मी ती बातमी छापून ऑफिसातल्या फळ्यावर लावली होती.

तालमीतला
मॅच संपून नऊ वर्षांनी रेफ्री म्हणतोय, गोल ऑफसाईड होता. कप आमच्याकडंच हाय.

उसाचं_कांडं
म्हणजे रॉन आणि हर्मायनी... अहो मी सांगू नका म्हटलेलं!!

गंगावेस
मला ह्या भागातलं ते वशीकरणाचं औषध लक्षात आहे. ज्याला जे आवडतं त्याचाच वास येतो त्यातनं. हर्मायनीला कापलेल्या गवताचा येतो. तुम्हाला कशाचा येईल? मला दूधकट्ट्यावरच्या म्हशीच्या धारेचा. फेसाचा.

सुगरण_नाही
गुऱ्हाळावर रस आटत आला की येतो तो. आणि गुळव्याच्या विडीचा, दोन्ही एकत्र 🙈

नर्सताई
स्पिरिट. चेष्टा नाही, खरंच. बेड चार ठीक आहे.

तालमीतला
पावसातलं मैदान आणि आयोडेक्स.

रिटायर्ड_बाई
नवीन पुस्तकांचा, जूनमधला. कव्हरं घालायचा खाकी कागद.

कट्टा_नं_५
मी सिंगल आहे, मला मिसळीच्या कटाचा येतो. ब्रेडसकट.

शेवटचा_तुकडा
माळ्यावरचे, मी बोलतोय. धागा नणंदेनं पाठवला. पहिली गोष्ट, चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. तू "मला जाड हवा" म्हणून मधला उचललास. दुसरं, माझे डोळे पुस्तकानं सुजले नव्हते, डोळे आले होते. साथ होती तेव्हा. पुस्तक मी त्या दिवशी उघडलंही नव्हतं, तू एवढी हसायला लागलास म्हणून रागानं घरी जाऊन वाचलं. मग रडलो ते वेगळं.
आणि चहात साय नव्हती. पुराचे दिवस, दूध कुठलं? कोरा होता.

माळ्यावरची
अगं!!! साय होती. मला आठवतंय ना.

शेवटचा_तुकडा
कोरा. आईला विचार.

माळ्यावरची
तुझ्याकडचा तुकडा आहे का अजून?

शेवटचा_तुकडा
तुझ्याच घरी राहिला की. पाणी उतरल्यावर घर धुवायला गेलो ते तसंच. माळा नीट बघ, गादीत बघ. पहिला तुकडा हुबळीला आहे, तिच्या सासरी, फ्रीजखाली टेकण म्हणून नसला तर.

पेन्सिलवाला
ते मंगळवार पेठेतले बाइंडर अजून बसतात का? आमच्या आजीच्या पोथीची पाठ सुटलीय, पानं दोऱ्यानं बांधून ठेवलीत.

माळ्यावरची
काका गेले. मुलगा बसतो, पण लग्नपत्रिकांचं काम जास्त. सकाळी अकराच्या आत जा. आणि पोथी आहे हे आधीच सांगा, नाहीतर कटिंगला लावेल.