नेट बंद, एसटी बंद, पेपर पुढं: तुमच्या शिक्षणाच्या आड काय आलं?

राजारामपुरीची_आई
काल संध्याकाळी शेजारचा बारावीचा मुलगा दारात येऊन विचारायला लागला, "काकू, उद्या मोर्चा आहे म्हणे, नेट बंद होणार काय?" त्याचा फॉर्म भरायचा राहिला होता. त्याला घरात बसवून तिथंच भरायला लावला. तो गेला आणि ७ जून २०२३ पुन्हा डोळ्यांपुढं उभा राहिला.

त्या दिवशीचं आपल्या कोल्हापूरकरांना सांगायला नको. मोबाईलवरच्या स्टेटसवरून पेटलं, शिवाजी चौकात गर्दी, दगडफेक, लाठीमार आणि मग मोबाईलचं नेट बंद. लेकीची एका प्रवेशाची फी भरायची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी. घरात वायफाय नाही, नेटकॅफेची शटर खाली. संस्थेत फोन लावला तर म्हणाले, "मॅडम, तारीख आमच्या हातात नाही." ८ तारखेला सकाळी हे आणि ती स्कूटीवरून हायवेनं निघाले. दूधगंगेचा पूल ओलांडून कोगनोळीच्या पुढं, कर्नाटकात गेल्यावर फोन टिंगटिंग वाजायला लागला. चहाच्या टपरीच्या बाकड्यावर बसून तिनं फी भरली. हात इतके थरथरत होते की ओटीपी दोनदा चुकला. पावती निघाल्यावर ती रडली.

भांडण कुणाचं होतं ते मी काढत नाही. पण नेट बंद करताना पोरांच्या फॉर्मच्या तारखा कुणी बघितल्या असत्या तर? एक दिवस पुढं ढकलली असती तरी पुरलं असतं. तुमच्या वाटेत काय आलं, लिहा.

निपाणीकर
कोगनोळी वाचून राहवलं नाही. आमचं बरोबर उलटं झालं. डिसेंबर २०२२ ला सीमाप्रश्न पेटला, बेळगावजवळ हिरेबागेवाडीला ट्रकांवर दगड पडले आणि बस थांबल्या. मी तेव्हा विद्यापीठात एमएस्सीला, रोज निपाणी-कोल्हापूर. कसंबसं कोगनोळीच्या नाक्यापर्यंत यायचं, पूल चालत ओलांडायचा, पलीकडं कागलची गाडी मिळते का बघायची. त्याच आठवड्यात प्रॅक्टिकल. जर्नल पोटाशी धरून चाललेला मी, आणि पुलाच्या दोन्ही टोकांना पोलीस. घरात मराठी, शाळा मराठी, रेशनकार्ड कर्नाटकाचं. दोन्हीकडचे पुढारी आमच्याच नावानं बोलत होते आणि बस आमचीच बंद होती.

धरणापल्याड
एसटीचा संप. २०२१ ची दिवाळी ते २०२२ चा एप्रिल.
राधानगरीच्या वरच्या अंगाला आमची वाडी. मी बारावीला, बहीण अकरावीला. मुलींना एसटीचा पास मोफत, म्हणून तर आम्हाला कॉलेजला घातलेलं. एसटी थांबली तसं वडाप, म्हणजे खासगी जीप. जाऊन येऊन एकीला साठ रुपये. दोघींचे एकशेवीस रोज कुठनं आणायचे? आईनं आठ दिवस आणले. मग बाबा म्हणाले, थोरलीचं वर्ष महत्त्वाचं, धाकटी घरी राहू दे. ४ मार्चला माझी बोर्डाची परीक्षा सुरू झाली तरी संप चालूच होता. मी पास झाले. आता नर्सिंग करते. बहीण परत कॉलेजला गेलीच नाही. तिचा पास अजून माझ्याकडं आहे, लॅमिनेशन केलेला, फोटोत दोन वेण्या.
कंडक्टर काकांचा राग नाही. त्यांचे पगार आम्हाला माहीत होते, आमच्याच गल्लीतले होते.

शाहूपुरी४
ताई, वाचून घशात आवंढा आला.

बावड्याचा_पैलवान
वडाप म्हणजे बोनेटवर दोन अन् मागं लोंबकळत चार. आम्ही पण तसलंच शिकलो 😀 पण बहिणीचं वाचून वाईट वाटलं बगा. ती आता काय करते?

जुनीअकरावी
१९७५ ला जुनी अकरावी आणि नवी दहावी, दोन्ही एकाच वर्षी मॅट्रिक झाल्या. मी जुन्यातला, धाकटा भाऊ नव्यातला. दोघांचा निकाल एकाच घरात! वडिलांना पेढे एकदाच आणावे लागले. पण कॉलेजच्या दारात गर्दी दुप्पट आणि त्याच जूनमध्ये आणीबाणी. वडील दसरा चौकातल्या बोर्डिंगात राहून शिकलेले, शाहू महाराजांचं नाव घेतल्याशिवाय जेवत नसत. ते म्हणाले, दोघांनाही घालणार. गाय विकली. बाकी पुन्हा कधीतरी लिहीन, नातू फोन मागतोय.

अभ्यासिका_टेबल१२
एमपीएससीवाले कुणी आहेत का इथं? ५ एप्रिल २०२० ची राज्यसेवा पूर्व शेवटी २१ मार्च २०२१ ला झाली. कोरोनात मधे तारखा येत गेल्या, जात गेल्या. ११ मार्चला कळलं की १४ चा पेपर पण पुढं. तीन दिवस आधी! टेबलावर हॉलतिकीट, बॅग भरलेली. पोरं उठून रस्त्यावर गेली, मी पण. त्या वर्षात घरनं आलेले खोलीभाड्याचे पैसे वहीत लिहून ठेवलेत, ₹१८,००० च्या वर. वडिलांनी एकदाही विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं असं अजून वाटतं.

गडहिंग्लजची_बाई
मी शिक्षिका आहे, दुसऱ्या बाजूनं लिहिते. मार्च २०२३ चा जुन्या पेन्शनचा संप, १४ ते २०. मी २००५ नंतर नोकरीला लागलेली, जुनी पेन्शन नसलेली, म्हणून मोर्चात होते आणि मागणी रास्त होती असंच आजही म्हणते. पण माझी मुलगी त्याच आठवड्यात दहावीचा पेपर देत होती. सकाळी तिला केंद्रावर सोडून मी घोषणा द्यायला गेले. संध्याकाळी ती म्हणाली, "आई, आज वर्गावर कोण ओळखीचं नव्हतं." त्या रात्री मला झोप लागली नाही.

कागल_ते_पुणे
९ सप्टेंबर २०२० ला मराठा आरक्षणाला सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली तेव्हा माझा अकरावीचा फॉर्म पुण्यात. यादी अडकली ती अडकलीच. वर्ग सुरू व्हायला नोव्हेंबर उजाडला. शेजारच्या ओबीसी मित्राचंही तेच, यादी सगळ्यांचीच थांबलेली. दोघं मिळून रोज साइट उघडायचो.

शाहूपुरी४
विषय सोडून विचारते. एसईबीसीच्या, म्हणजे मराठा आरक्षणाच्या, व्हॅलिडिटीला (जात पडताळणीच्या दाखल्याला) किती दिवस लागतात सध्या? पोराचा अर्ज आहे.

गडहिंग्लजची_बाई
@शाहूपुरी४ अर्ज आजच टाका, थांबू नका. अर्जाची पावती, वडिलांचा आणि आजोबांचा शाळेचा दाखला सगळं स्कॅन करून पेनड्राइव्हवर ठेवा. फोनवर विसंबू नका.

निपाणीकर
@राजारामपुरीची_आई पुन्हा असं झालं तर टपरीवर बसू नका. नाक्यापासून आमचं घर लांब नाही. वायफाय आहे, आई जेवू घालेल.

धरणापल्याड
@बावड्याचा_पैलवान लग्न झालं तिचं, भोगावतीकडं दिलंय. मुलगा दोन वर्षांचा.

राजारामपुरीची_आई
@धरणापल्याड तिला विचार, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी देईल का? लेकीची आर्ट्सची पुस्तकं कपाटात आहेत, नोट्ससकट. मी स्टँडवर आणून एसटीत ठेवते, तू उतरवून घे.

धरणापल्याड
काकू, आत्ताच फोन लावला. ती काही बोललीच नाही बराच वेळ. मग म्हणाली, इंग्रजीचं पण आहे का विचार.