मदत हवी आहे : एडाफोसॉरसच्या शिडावरच्या आडव्या खुंट्या कशा दाखवाव्यात?

नमस्कार मंडळी,

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी शाडूच्या मातीत एडाफोसॉरस, म्हणजे पाठीवर शिडासारखा उभा पडदा असलेला एक प्राचीन प्राणी, करते आहे. पाठीवर शीड म्हटलं की सगळे डायमेट्रोडॉनच करतात. मला त्याचा हा शाकाहारी नातलग मुलांपुढे आणायचा आहे. दोघेही डायनोसॉर नव्हेत, हे फलकावर ठळक लिहिणार आहे. डायनोसॉर यायच्या कितीतरी आधी, साधारण ३० ते २७ कोटी वर्षांपूर्वी हे होऊन गेले. डोळ्यामागे कवटीला दोन्ही बाजूंना एकेकच भोक, म्हणून यांचं नातं आपल्याशी, म्हणजे सस्तन प्राण्यांशी लागतं.

धड छान जमलं आहे. पाला पचवायला मोठी आतडी हवीत, त्यामुळे पोट पिंपासारखं आणि त्यामानाने डोकं एवढंसं. जबडा मुद्दाम उघडा ठेवलाय. टाळूवर आणि खालच्या जबड्याच्या आतल्या अंगाला बारीक दातांचे पट्टे असत, त्यांत पाला चिरडला जाई. मुलांनी वाकून तेच बघावं अशी फार इच्छा आहे.

अडलंय ते शिडाशी. शीड तोलून धरणारे, मणक्यांतून वर आलेले हाडांचे काटे डायमेट्रोडॉनचे सरळसोट, याचे मात्र जाडसर आणि दोन्ही बाजूंना आडव्या खुंट्या फुटलेले. जुन्या चित्रांवर विसंबायला मन धजत नाही. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत १९०७ च्या सुमारास असंच शीड असलेल्या सांगाड्याला चक्क डायमेट्रोडॉनसारखं मांसाहारी डोकं बसवलं होतं!

तर जाणकारांनी सांगावं : शेजारशेजारच्या काट्यांवरच्या खुंट्या एका ओळीत येतात की वरखाली? कातडी टोकापर्यंत ताणलेली दाखवू, की खुंट्या बाहेर डोकावू देत?

शिकागोकडचं कुणी आहे का इथे? फील्ड म्युझियममध्ये याचा सांगाडा आहे. बाजूने काढलेले फोटो भरपूर मिळतात, पण खुंट्यांची लांबी कळायला अगदी समोरून किंवा मागून काढलेला हवा. कुणाकडे असेल तर कृपया इथे टाका.

आणि मूर्तिकाम करणाऱ्यांना एक विचारायचंय. काटे तारेवर घेतलेत, पण खुंट्यांची माती वाळली की तडकून गळते. कागदाचा लगदा मिसळू, की खुंट्याही तारेच्याच करून वरून पातळ लेप देऊ?